इंजिन उघडण्याआधी ब्रीदरचा पाइप बघा

तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. वडिलांची 1986 ची बुलेट 350, कास्ट आयर्नचं इंजिन, उजव्या पायात गिअर. तुम्ही नोकरीला पुण्यात आणि गाडी वाईला घरी. महिना-दीड महिन्यातून गावी गेलात की बाहेर काढता, तीस-चाळीस किलोमीटर फिरवता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली तळहाताएवढं तेल. आईची तक्रार, रांगोळीच्या जागेवर डाग पडतोय. आठ महिन्यांत मेस्त्रींनी दोनदा पॅकिंग बदललं, दुसऱ्या खेपेला सगळीकडे सिलिकॉन लावलं, तरी गळती तेवढीच. आता ते म्हणतात फुल इंजिन करावं लागेल, म्हणजे सगळं इंजिन उघडून नव्याने बांधावं लागेल. मित्र म्हणतात, बुलेट आहे, गळायचीच. या दोघांतलं कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

सध्या तरी कुणाचंच ऐकू नका. मी कोल्हापुरात एकतीस वर्षं जुन्या बुलेटचं काम करतोय. या इंजिनाची गळती शंभर टक्के बंद होते असं मी कुठल्याच गिऱ्हाइकाला सांगत नाही. पण तळहाताएवढं तेल, आणि तेही एवढ्याशा फेरीनंतर, हे नेहमीचं पाझरणं नव्हे. त्याला कारण आहे आणि ते बहुतेक वेळा इंजिन न उघडता सापडतं.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते एका ओळीत आहे: गाडी महिना-दीड महिना उभी असते. तिथूनच सुरुवात करतो.

या इंजिनात तेल क्रँकखाली, म्हणजे पिस्टनखाली फिरणाऱ्या मुख्य दांड्याखाली, साठत नाही. क्रँककेसच्याच (क्रँकभोवतीच्या पेटीच्याच) ओतकामात मागच्या बाजूला तेलाची वेगळी टाकी आहे. टायमिंगच्या, म्हणजे उजव्या, बाजूला दोन पंप आहेत. एक टाकीतलं तेल क्रँककडे ढकलतो आणि दुसरा खाली जमलेलं तेल उपसून वर रॉकरकडे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या हातांकडे) आणि परत टाकीत पाठवतो. उपसणारा पंप जरा जास्त ताकदीचा असतो, त्यामुळे चालू गाडीत क्रँकखाली तेल साचून राहत नाही. पण गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल जुन्या, झिजलेल्या पंपातून हळूहळू झिरपत क्रँकखाली उतरतं. चार दिवसांत थोडं, महिन्याभरात पुष्कळ.

आता तुम्ही गावी जाता, गाडी बाहेर काढता, काळजीने डिपस्टिक बघता. तेल कमी दिसतं. साहजिकच तुम्ही अर्धा लिटर ओतता. खरं म्हणजे तेल कुठेच गेलेलं नसतं, ते खाली उतरून बसलेलं असतं. किक मारून गाडी चालू केली की पंप ते सगळं वर उपसतो, टाकी गच्च भरते आणि जास्तीचं तेल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपातून, बाहेर पडतं. ते फ्रेमवरून, क्रँककेसवरून ओघळत खाली येतं आणि बघणाऱ्याला वाटतं पॅकिंग गेलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दर फेरीला बाटली उघडणारी आणि दर फेरीला फरशी खराब करणारी अशी बरीच गिऱ्हाइकं माझ्याकडे आली आहेत. त्यातल्या निम्म्यांना मी एकही नट सोडवून दिला नाही, नुसतं तेल कधी बघायचं ते सांगितलं. या गाडीचं तेल फेरी मारून आल्यावर, इंजिन गरम असताना, गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून, बंद केल्यावर पाचेक मिनिटांत बघायचं. उभ्या गाडीचं माप धरायचंच नाही.

तुमच्या बाबतीत हेच होतंय का, हे तपासायला फार अक्कल लागत नाही. पुढच्या वेळी गेलात की चालू करण्याआधी खाली स्वच्छ परात ठेवा आणि क्रँककेसचा ड्रेन बोल्ट काढा. खाली एकाहून जास्त बोल्ट आहेत. टाकीचा नको, क्रँकखालचाच हवा, मॅन्युअलमधलं चित्र बघून खात्री करा. कपभर तेल निघालं तर काही विशेष नाही. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त निघालं तर चोर सापडला. ते तेल स्वच्छ असेल तर मलमलीच्या फडक्यातून गाळून परत टाकीत ओता, वायसर बघून बोल्ट बसवा आणि मगच किक मारा. यावर कायमचा इलाज म्हणजे पंपाच्या चकत्या बारीक पेस्टने त्यांच्या जागेवर घासून नीट बसवणं. एक दिवसाचं काम आहे, मात्र पेस्टचा कणसुद्धा आत राहता कामा नये. काम झाल्यावर वर रॉकरला जाणाऱ्या पाइपचा बँजो बोल्ट (ज्यातून तेल जातं तो पोकळ बोल्ट) जरा ढिला करून, गाडी चालू ठेवून, तिथे तेल येतंय हे डोळ्यांनी बघायचं. नाही आलं तर तत्काळ बंद. आणि गाडी दहा-पंधरा दिवसांनी कुणीतरी नीट गरम होईपर्यंत चालवली, तर चकत्या थोड्या झिजलेल्या असल्या तरी वर्षानुवर्षं चालून जातं.

आता ब्रीदर. मथळ्यात तेच लिहिलंय, कारण माझ्या अनुभवात यावर जेवढं दुर्लक्ष होतं तेवढं दुसऱ्या कशावर होत नाही.

एका सिलिंडरचं इंजिन आहे, 70 मिलिमीटर बोअर, 90 मिलिमीटर स्ट्रोक. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालची 346 सीसी जागा दर वेळी कमी होते. तिथली हवा कुठेतरी जायला हवी. तीन हजार आरपीएमला हे सेकंदाला पन्नास वेळा होतं. तेवढ्यासाठी क्रँककेसमधून एक पाइप काढलेला असतो आणि त्या वाटेवर एकाच बाजूने उघडणारा पडदा असतो. बऱ्याच गाड्यांत तो पाइपच्या टोकाचा बदकाच्या चोचीसारखा चपटा रबरी तुकडा असतो. सालाप्रमाणे आणि मधे कुणी काय बदललंय त्याप्रमाणे मांडणी वेगळी असू शकते. पिस्टन खाली आला की हवा बाहेर पडते, वर गेला की चोच मिटते. त्यामुळे चालू इंजिनात आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमीच राहतो. म्हणजे प्रत्येक जोडावर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तेल आतच राहतं. जुन्या ओतकामाचं, साध्या कागदी पॅकिंगचं हे इंजिन कोरडं राहतं ते या ओढीवर.

ही चोच कडक झाली, चिकटली, पाइप दबला किंवा बुजला, की सगळं उलटं होतं. आत दाब वाढतो आणि तेल जिथे कच्ची जागा मिळेल तिथून बाहेर ढकललं जातं. आज टॅपेट कव्हर, ते घट्ट केलं की उद्या रॉकर कव्हर, ते केलं की परवा टायमिंग कव्हर. मेस्त्री एकामागून एक पॅकिंग बदलत बसतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं सगळं इंजिनच गेलं.

मागे शिरोळकडून एक बुलेट आली होती. शेतातल्या गोठ्याच्या आडोशाला उभी असायची. हेडचं पॅकिंग तीनदा बदललेलं, तरी उजव्या बाजूला पुशरॉडच्या (रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांड्यांच्या) जागी तेल फुटायचं. मीही आधी हेडच उघडायच्या तयारीत होतो. सवयीने ब्रीदरचा पाइप काढला, फुंकून बघितला तर हवा पलीकडे जाईना. पाइप उभा चिरला तेव्हा आत कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं, बोटाच्या पेराएवढं, पक्कं वाळलेलं. नवा पाइप, नवं रबर घातलं, इंजिन धुतलं आणि त्यांना आठ दिवस चालवायला सांगितलं. हेडवरचं जुनं पॅकिंग तसंच ठेवलं होतं. आठ दिवसांनी गाडी आली तेव्हा फिन्सवर धूळ बसली होती, कोरडी. तेव्हापासून गळतीची कुठलीही बुलेट आली की माझा हात आधी त्या पाइपकडे जातो.

तुम्ही घरी एवढं करा. क्रँककेसपासून निघणारा पाइप टोकापर्यंत हाताने चाचपत जा. बॅटरीच्या डब्याखाली किंवा फ्रेमच्या वळणाला तो दबलेला असतो का बघा. टोकाचं रबर काढून रॉकेलमध्ये आणि मग साबणाच्या पाण्यात धुवा, वाळवा, आणि तोंडाने फुंका. इंजिनाकडच्या बाजूने हवा सहज जायला हवी, उलट ओढली तर बंद व्हायला हवी. दोन्हीकडून जात असेल किंवा कुठूनच जात नसेल तर नवं घाला. फार महाग वस्तू नाही. जाताजाता एक: पाइपच्या टोकाला किंवा त्यातलं तेल जमा होणाऱ्या डबीत ताकासारखा पांढरट फेस दिसला तर घाबरू नका. पावसाळ्यात, थोड्या अंतराच्या फेऱ्यांनी आतली वाफ तेलात मिसळून तसं होतं. इंजिन अर्धा-पाऊण तास चांगलं तापलं की कमी होतं.

ब्रीदर चांगला असूनही तिथून जोरात धूर येत असेल, तर मात्र पिस्टन-रिंगमधून जळका वायू खाली उतरतोय. याची साधी परीक्षा किकवर आहे. डीकॉम्प्रेसर (कॉम्प्रेशन सोडणारा लिव्हर) न ओढता हळूहळू किक दाबत न्या, कॉम्प्रेशनला अडली की वजन टाकून उभे राहा. चांगलं इंजिन तुम्हाला काही सेकंद उचलून धरतं आणि मग सावकाश खाली सोडतं. पाय लोण्यात गेल्यासारखा खाली गेला, सायलेन्सरला निळा धूर आहे, तेलही खातंय, तर मेस्त्रींचं म्हणणं बरोबर असू शकतं. तिथेही पहिल्यांदा बोअर-पिस्टनचंच काम निघेल. खालचा क्रँक आवाज करत नसेल तर फुल इंजिनची घाई कशाला?

हे दोन्ही तपासून झालं आणि तरी गळतंय, तर मग खरंच कुठल्यातरी जोडातून येतंय. तो जोड शोधायची पद्धत सांगतो, कारण तुमच्या मेस्त्रींचं इथेच चुकलंय असं मला वाटतं. तेल जिथून ठिबकतं तिथून ते निघालेलं नसतं. चालत्या गाडीत वारा ते मागे नेतो आणि वजन खाली नेतं, त्यामुळे उगम कायम ठिबकण्याच्या वर आणि पुढे असतो. इंजिन रॉकेल आणि ब्रशने स्वच्छ धुवा, फिन्सच्या खाचांतूनसुद्धा. फडक्याने पुसा, गाडी थोडी चालवून पूर्ण कोरडी करा, थंड होऊ द्या. मग आपली अंगाला लावायची साधी पावडर कापसाच्या बोळ्याने सगळ्या जोडांवर उडवा. इंजिन पिठाने माखल्यासारखं दिसेल, दिसू दे. पाच किलोमीटर जाऊन या, बंद करा आणि बॅटरी घेऊन वरून खाली बघत या. पांढऱ्यावर पहिली काळी रेघ जिथून निघते तो तुमचा जोड. ती पहिल्या पाच किलोमीटरमध्येच बघायची, पन्नास किलोमीटरनंतर सगळंच काळं होतं आणि काही कळत नाही.

त्याच रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाका आणि दोन्ही टायर कुठे टेकलेत त्याच्या खुणा करा. गाडी मधल्या स्टँडवर लावा. साइड स्टँडवर ती डावीकडे कलते आणि डाव्या हाताच्या क्लच कव्हरमधलं तेल कडेला येऊन पाझरतं. निव्वळ स्टँड बदलून थांबलेली गळती मी बघितली आहे. पुठ्ठ्यावरचा थेंब बोटाला लावून वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि तो एकदा घेतला की विसरत नाही. इंजिनचं तेल काळपट आणि जळकट वासाचं, क्लच कव्हरमधलं त्यामानाने स्वच्छ.

आता जोडांविषयी, जिथे बोलण्यासारखं आहे तेवढंच.

रॉकरला जाणाऱ्या बारीक पाइपांच्या बँजो बोल्टला तांब्याचे वायसर असतात. एकदा आवळले की तांबं कडक होतं, मग सोडून परत बसवलं की पाझरतं. लोक पाना लावून जोर करतात आणि हेडचे आटे घालवतात. वायसर चिमट्यात धरून गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. तांबं मऊ पडतं. वरची काळी पापडी बारीक पॉलिश पेपरने काढून बसवा, अर्ध्या जोरात बसेल. पाच मिनिटांचं काम आहे, पण मला ते आजही आवडतं.

टॅपेट कव्हर एकाच नटावर आहे. टॅपेट लावताना ते दर वेळी निघतं आणि जुनंच पॅकिंग परत बसतं. एवढं पातळ कव्हर जोराने आवळलं की मधे बसतं आणि कडा वर उचलतात, मग जितकं आवळाल तितकं गळेल. डाव्या हाताच्या मोठ्या क्लच कव्हरचंही तेच. तेही मधल्या एका मोठ्या नटावर आणि कडेच्या जाड रबरी सीलवर बसतं. शिकाऊ असताना मी हा नट लांब पान्याने आवळला होता. कव्हर कडेला मुडपलं आणि उस्तादांनी ते माझ्यासमोर काचेवर ठेवून फट दाखवली. तेव्हापासून मी आधी सील बोटाने सगळीकडे बसलंय का बघतो, मग नट हळू फिरवतो आणि रबर दबल्याचं जाणवलं की थांबतो. या कव्हरात तेल लेव्हलच्या स्क्रूपर्यंतच भरायचं. आणि न भरता ही लेव्हल आपोआप वाढत असेल तर क्रँकचं डावीकडचं ऑइल सील गेलंय, इंजिनचं तेल तिकडे उतरतंय. ते मात्र क्लच उतरवल्याशिवाय होणार नाही.

कव्हरचा फेस, म्हणजे जोडाला टेकणारी सपाट कड, वाकडा आहे की नाही हे ठरवायला जाड सपाट काच घ्या. त्यावर 400 नंबरचा पॉलिश पेपर, वर थोडं रॉकेल, आणि कव्हर दोन्ही तळव्यांनी सारखं दाबून इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. दहा-बारा फेऱ्यांनी उचलून बघा: घासलेली जागा चमकते, खोलगट जागा काळीच राहते. सगळीकडे एकसारखी चमक येईपर्यंत घासा. मग साधं कागदी पॅकिंग, दोन्ही बाजूंना ग्रीसचा पुसट हात, आणि नट आलटूनपालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्यायचे. फेस नीट असेल तर बुलेटला याहून जास्त काही लागत नाही.

म्हणूनच सिलिकॉनविषयी मी जरा कडक बोलणार आहे. तुमच्या गाडीला ते सगळीकडे लावलंय हे वाचून मला काळजी वाटली. जोडाबाहेर जेवढं फुगून दिसतं तेवढंच आतही फुगलेलं असतं. आतला तुकडा गरम तेलात सुटतो आणि तेलाच्या बारीक वाटेत जाऊन बसतो. या इंजिनाच्या बिग एंडला (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथे) बेअरिंगऐवजी तरंगता बुश आहे आणि त्याला सतत दाबाखाली तेल लागतं. ते थांबलं की बुश धरतो, आणि मग खरोखरच फुल इंजिन करावं लागतं. एका थेंबाच्या गळतीसाठी क्रँक गमावलेल्या दोन गाड्या मी स्वतः उघडल्या आहेत. तेव्हा पुढच्या तेलबदलाला टायमिंग कव्हरमधला फिल्टर काढा, त्याच्या घड्यांत आणि टाकीच्या तळाशी रबरासारखे तुकडे आहेत का बघा. असतील तर तेलाचे मार्ग साफ करून घेतल्याशिवाय लांबचा प्रवास करू नका.

गिअर बॉक्सचं एक वेगळं प्रकरण आहे. तुमचा जुना चार गिअरचा, अल्बियन पद्धतीचा डबा मुळात ग्रीस आणि तेल मिसळून चालवण्यासाठी बनलेला आहे. आजच्यासारखी सगळीकडे घट्ट ऑइल सील त्यात नाहीत. हल्लीचे मेस्त्री त्यात नुसतं पातळ तेल भरतात आणि ते किकच्या दांड्यातून, स्प्रॉकेटमागून गळतं. तुमच्या पुठ्ठ्यावर गंधकाचा वास आला तर डबा उघडायच्या आधी आत काय भरलंय ते विचारा. मऊ ग्रीस आणि गिअर ऑइल निम्मं-निम्मं करून भरलं की बहुतेक डबे शांत होतात. ही गळती मात्र लवकर आवरा, कारण स्प्रॉकेटवरचं तेल चेनने मागच्या टायरवर फेकलं जातं. पसरणीचा घाट उतरताना टायरच्या कडेला तेल असणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हेडच्या जोडाचं म्हणाल तर खालचा सिलिंडर ओतीव लोखंडाचा आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे हा जोड दर फेरीला थोडा हलतो. उजव्या बाजूला पुशरॉडच्या बोगद्याशी पुसट ओलावा येणं हे या इंजिनाचं नेहमीचं आहे आणि त्यासाठी मी हेड उघडत नाही. ओघळ येत असेल तर उघडावं. नवीन पॅकिंग बसवल्यावर तीनशे ते पाचशे किलोमीटरने, इंजिन पूर्ण थंड असताना, हेडचे नट परत मापात आवळावे लागतात. तुमच्या दोन्ही कामांनंतर हे झालं होतं का, मेस्त्रींना विचारून बघा. बहुतेक नसेलच, कारण गाडी वाईला आणि तुम्ही पुण्याला.

तेल कोणतं घालता ते तुम्ही लिहिलेलं नाही. साधं मिनरल 20डब्ल्यू-50 घाला. आधुनिक गाड्यांचं पातळ 10डब्ल्यू-30 यात घातलं तर पाझरणंही वाढेल आणि उभ्या गाडीत खाली उतरणंही. उलट, गळती थांबावी म्हणून गिअर ऑइलसारखं जाड तेल इंजिनात घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

एका गोष्टीत मात्र सवलत नाही. पेट्रोलच्या कॉकला किंवा कार्ब्युरेटरला पेट्रोलचा ओलावा असेल तर गाडी चालू करू नका. तेलाचा थेंब फरशी खराब करतो, पेट्रोलचा थेंब तापलेल्या इंजिनावर गाडी पेटवतो. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि 1986 चं रबर, कॉकमधला बूच ते सोसत नाही. फुगतं, मग चिरतं. पाइप, कॉकचे वायसर आणि फ्लोटची सुई एकदमच नवीन घालून घ्या. आणि गाडी ठेवून पुण्याला निघताना कॉक बंद करायचा हे घरात कुणालातरी सांगून ठेवा.

तर क्रम असा धरा. आधी क्रँकखालचं तेल मोजा, मग ब्रीदर, मग किकवर कॉम्प्रेशन, मग धुऊन पावडर. यात तुमचा एक रविवार आणि शंभर-दोनशे रुपये जातील. पावडरीवर जो जोड दिसेल तेवढाच उघडून घ्या, काचेवर फेस करून, सिलिकॉनशिवाय. मेस्त्रींशी भांडू नका. त्यांना पावडर उडवलेलं इंजिन दाखवा, चांगला कारागीर असेल तर लगेच ओळखेल. किक उचलून धरत नसेल, धूर निळा असेल आणि इंजिनच्या पोटातून खणखण असा जड आवाज येत असेल, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच फुल इंजिनचा विषय काढा. त्यातही तुमच्या गाडीचे क्रँककेस मूळचे, जोडीचे आहेत ना ते बघून घ्या. दोन्ही अर्धी एकत्र बसवून घडवलेली असतात, त्यातलं एक बदललं तर त्यांचा जोड कधीच कोरडा राहत नाही.

हे सगळं केल्यावर महिन्याला चार-सहा थेंब राहतील. माझ्या स्वतःच्या 1978 च्या गाडीला राहतात, आणि मी तिच्याखाली जुनी ताटली ठेवतो. आईंना सांगा, दिवाळीपर्यंत फरशी स्वच्छ होईल. डागावर लाकडाचा भुसा रात्रभर दाबून ठेवा आणि सकाळी कपड्याच्या पावडरीने घासा, बराचसा निघतो.

पुढच्या खेपेला वाईला गेलात की क्रँकखालून किती तेल निघालं ते मोजून कळवा, आणि टायरच्या खुणा केलेल्या त्या पुठ्ठ्याचा फोटो पाठवा. डाग डावीकडे आहे की उजवीकडे एवढं दिसलं तरी पुढचं नेमकं सांगता येईल.